रजिस्टरमधला डेव्हिड आणि दगडावरचा डेव्हिड एकच कशावरून?

ताई, प्रश्न वाचला. तुमच्या सासऱ्यांचे खापरपणजोबा डेव्हिड रॉबर्टसन, स्कॉटलंडच्या अँगस काउंटीतल्या (म्हणजे जिल्ह्यातल्या) किरिम्यूरचे विणकर, जन्म 1820 च्या आगेमागे, आणि ऑनलाइन कुणीतरी त्यांच्यापासून थेट 1640 पर्यंत फॅमिली ट्री नेऊन ठेवलाय, तर तो खरा धरायचा का, आणि उन्हाळ्यात तिकडे जाणारच आहात तर चर्चच्या आवारातल्या कबरींवर नेमकं काय बघायचं. मी इथे एडिनबरात लोकांची घराणी शोधून द्यायचंच काम करते, त्यामुळे उत्तर लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

1640 चं आधीच सांगून टाकते, मी तरी तो ट्री धरणार नाही. कुणी मुद्दाम खोटं लिहिलंय असं नाही, पण नाव जुळलं साल जुळलं की लोक क्लिक करून मोकळे होतात आणि मग तेच पुढे पन्नास जण कॉपी करतात. स्कॉटलंडमध्ये गंमत अशी की नावंच मोजकी. डेव्हिड, जॉन, जेम्स, विल्यम, अलेक्झांडर, मुलींमध्ये जेनेट, मार्गारेट, इझाबेला, अ‍ॅग्नेस, संपलं. आपल्याकडे एखाद्या गावात चार दत्तात्रय पाटील असतात आणि पोस्टमन विचारतो "कुठले, वरच्या आळीचे का खालच्या?", तसंच अगदी. त्यामुळे नुसत्या नावाने इथे माणूस सापडत नाही, तो सापडतो राहायच्या जागेवरून, धंद्यावरून, बायकोच्या माहेरच्या आडनावावरून आणि बाप्तिस्म्याला कोण साक्षीदार उभं होतं त्याच्यावरून. मी जे पुढे सांगणार आहे ते सगळं याच एका गोष्टीसाठी आहे.

सुरुवात 1820 पासून करू नका. सुरुवात करा डेव्हिडच्या मृत्यूपासून. स्कॉटलंडमध्ये सरकारी जन्म-मृत्यू-लग्न नोंदणी सुरू झाली 1 जानेवारी 1855 ला, इंग्लंडच्या सतरा-अठरा वर्षं उशिरा, पण उशिरा आले ते सुधारून आले. स्कॉटिश मृत्यूनोंदीत गेलेल्या माणसाच्या आईवडिलांची नावं असतात, आईचं माहेरचं आडनाव सुद्धा, आणि वडिलांचा धंदा. इंग्लंडवाले यासाठी तरसतात. म्हणजे 1820 ला जन्मलेला माणूस 1878 ला गेला असेल तर त्या एका कागदावर तुम्ही 1790 च्या पिढीपर्यंत पोचता. फक्त खाली माहिती देणाऱ्याचं नाव बघा, इन्फॉर्मंट म्हणतात त्याला. मुलाने सांगितलंय की शेजाऱ्याने? वडील गेल्याच्या दिवशी मुलाला आजीचं माहेरचं नाव विचारलं तर तो जे आठवेल ते सांगणार. आणि समासात 'आर सी ई' असा शेरा दिसला तर दुरुस्तीची वेगळी नोंद आहे असं समजायचं, ती पण उघडून बघायची, कधीकधी खरी गोष्ट तिथेच असते.

1855 हे साल तर लॉटरीच आहे. त्या पहिल्या वर्षी सरकारने एवढी माहिती मागितली की रजिस्ट्रार लोक वैतागले आणि पुढच्याच वर्षी फॉर्म कापला. 1855 च्या जन्मनोंदीत आईवडिलांचं वय, जन्मगाव, लग्न कधी कुठे झालं, आधीची मुलं किती, एवढं सगळं. मृत्यूनोंदीत सगळ्या मुलांची नावं आणि वयं. म्हणून डेव्हिडचं स्वतःचं 1855 मध्ये काही झालं नसेल तरी त्याच्या भावाबहिणींपैकी कुणाला त्या वर्षी मूल झालं का, कुणी गेलं का, ते शोधा. आणि तुमच्या कबरीच्या कामाची गोष्ट म्हणजे 1855 ते 1860 च्या मृत्यूनोंदीत दफन कुठे केलं ते पण लिहिलेलं असतं, त्यामुळे त्या काळातलं कुणी घरातलं गेलं असेल तर कुठल्या आवारात दगड शोधायचा ते घरबसल्या कळतं.

हे सगळं मिळतं स्कॉटलंड्सपीपल या सरकारी साइटवर. शोधणं फुकट, नोंदीचा फोटो उघडायला क्रेडिट लागतात, एका जुन्या नोंदीला साधारण दीड पौंड. ऐकायला कमी वाटतं पण सहा डेव्हिड उघडून बघितले की नऊ पौंड गेले. त्यापेक्षा यादी करून एडिनबराला जनरल रजिस्टर हाऊसमध्ये एक दिवस बसा, दिवसाची ठरलेली फी भरली की हव्या तेवढ्या नोंदी बघता येतात. ग्लासगोच्या मिचेल लायब्ररीतही तशी सोय आहे.

आता 1855 च्या मागे जायचं म्हणजे ओल्ड पॅरिश रजिस्टर, सगळे ओपीआर म्हणतात. पॅरिश म्हणजे एका चर्चच्या हद्दीतला गावांचा भाग. ही चर्च ऑफ स्कॉटलंड या इथल्या मुख्य चर्चची रजिस्टरं, नऊशेच्या वर पॅरिशची मिळून साडेतीन हजारांच्या आसपास वह्या. सगळ्यात जुनी पर्थशायरमधल्या एरलची, 1553 ची. पण म्हणून सगळीकडे 1553 पासून असतं असं समजू नका. प्रत्येक पॅरिशची वही वेगवेगळ्या साली सुरू होते, हायलँड्स म्हणजे उत्तरेकडचा डोंगराळ भाग, तिथे आणि बेटांवर कितीतरी ठिकाणी अठरावं शतक संपत येईपर्यंत काहीच नाही, मधली पानं गहाळ, कुठे दहा वर्षं कारकुनाने लिहिलंच नाही. तर तो 1640 वाला ट्री तपासायची सगळ्यात सोपी युक्ती ही की त्याने ज्या पॅरिशमधला जन्म दिलाय त्या पॅरिशचं रजिस्टर त्या साली होतं का ते बघा, सुरुवातीच्या सालांची यादी साइटवरच आहे. निम्मे ट्री इथेच कोसळतात.

ओपीआरमध्ये काय असतं? बाप्तिस्मे, लग्नाच्या घोषणा (लग्न ठरल्याचं आधी चर्चमध्ये जाहीर करायचं) आणि थोडेफार दफनाचे उल्लेख. बाप्तिस्म्याची नोंद चांगल्या कारकुनाच्या हातची असेल तर बापाचं नाव, धंदा, राहायची वाडी किंवा शेत, आईचं माहेरचं नाव, साक्षीदार, सगळं. वाईट कारकुनाच्या हातची असेल तर "विल्यम रॉबर्टसन यास मूल, नाव डेव्हिड", आईचा पत्ताच नाही, जणू बापानेच जन्म दिला. लग्नाचं बघताना हे लक्षात ठेवा की तिथे बऱ्याचदा लग्न नाही तर लग्नाची घोषणा लिहिलेली असते, आणि मुलगा एका पॅरिशचा मुलगी दुसऱ्या पॅरिशची असेल तर दोन्हीकडे नोंद, तारखा वेगळ्या. लोकांना वाटतं दोन वेगळी जोडपी आहेत. दोन्ही नोंदी उघडा, एकीत वाडीचं नाव असतं दुसरीत नसतं.

दफनाचं जवळपास दुर्भिक्षच. जे मिळतं ते बहुतेक मॉर्टक्लॉथचं भाडं. शवपेटीवर घालायचं काळं मखमली कापड पॅरिश भाड्याने द्यायची, ते पैसे गरिबांच्या फंडात जायचे, आणि त्या हिशेबात नाव राहिलं म्हणून आज आपल्याला कळतं की तो माणूस त्या आठवड्यात गेला. ज्याने कापड घेतलं नाही किंवा आपल्या धंद्याच्या संघटनेचं कापड वापरलं त्याचं नाव त्यात यायचं कारण नाही.

आणि आता तुमच्या केसमधली खरी अडचण. तुमचा माणूस विणकर आणि किरिम्यूरचा. विणकर लोक म्हणजे वाचणारे, वाद घालणारे, आणि चर्चशी पटलं नाही की वेगळं चर्च काढणारे! 1733 मध्ये पहिली फूट पडली, सिसेशन म्हणतात, मग त्या फुटलेल्यांच्यातही फुटी पडत गेल्या, 1761 मध्ये रिलीफ चर्च निघालं, आणि 1843 च्या डिसरप्शनमध्ये साडेचारशेहून जास्त मिनिस्टर, म्हणजे पाद्री, एकदम बाहेर पडून फ्री चर्च झालं. किरिम्यूर तर ऑल्ड लिख्ट नावाच्या अगदी कडक सिसेडर (म्हणजे त्या पहिल्या फुटीतल्या) मंडळींसाठी ओळखलं जायचं. अशा घरातल्या मुलाचा बाप्तिस्मा त्यांच्या स्वतःच्या चर्चमध्ये, पॅरिशच्या वहीत तो बहुधा नसणार. त्यामुळे ओपीआरमध्ये एक डेव्हिड सापडला म्हणजे आपलाच, असं अजिबात नाही, आपला कदाचित तिथे नाहीच आणि सापडलेला शेजारच्या आळीतला आहे. या फुटून निघालेल्या चर्चच्या नोंदींसाठी त्याच साइटवर वेगळा पर्याय आहे, 'अदर चर्चेस' असं निवडून शोधावं लागतं, बरेच लोक तिथे जातच नाहीत. 1783 ते 1794 मध्ये तर आणखी एक भानगड, प्रत्येक नोंदीवर तीन पेन्स टॅक्स होता, म्हणून त्या अकरा वर्षांत कितीतरी लोकांनी मुलांची नोंदच केली नाही. डेव्हिडचे आईवडील साधारण त्याच काळातले, तेव्हा त्यांची नोंद मिळाली नाही तर दचकू नका.

बरं, समजा डेव्हिडच्या मृत्यूनोंदीत आईवडील मिळाले विल्यम रॉबर्टसन आणि जीन मिल्न (उदाहरणापुरती नावं घेतेय). ओपीआरमध्ये शोधलं तर एक डेव्हिड किरिम्यूरला 1819 चा, आई जीन मिल्न, आणि दुसरा शेजारच्या किंगोल्ड्रमला 1822 चा, आई जीन मिल. लोक स्पेलिंग बघून पहिला घेतात. चूक! अँगसमध्ये मिल, मिल्न, मिल्ने ही एकाच घरात एकाच पिढीत अदलून बदलून लिहिलेली सापडतात, कारकुनाला जसं ऐकू आलं तसं. मग ठरवायचं कसं? 1851 चा सेन्सस काढायचा, त्यात जन्माची पॅरिश असते. (1841 मध्ये फक्त त्याच काउंटीतला आहे का एवढंच, आणि पंधरा वर्षांवरच्यांचं वय पाचाच्या पटीत खाली आणलेलं, म्हणजे 24 चा माणूस 20 चा दिसतो.) तिथे किंगोल्ड्रम लिहिलं असेल तर दुसऱ्याचं पारडं जड. मग उरलेल्या डेव्हिडचं काय झालं ते शोधायचं, तो लहानपणीच गेला का, लग्न करून जवळच्या डंडी शहरात गेला का, कारण तो लहानपणी गेलेला किंवा वेगळा माणूस म्हणून पुढे जगताना दिसला तरच तुमचा डेव्हिड तुमचा. हे दुसऱ्या माणसाचा पाठलाग करायचं काम कंटाळवाणं आहे आणि तेच कोणी करत नाही. शेजारच्या पॅरिशी पण चाळा, ग्लॅमिस, एअर्ली, कॉर्टाखी, फॉरफर. विणकराला जमीन नसायची, माग उचलून कुठेही जायचा.

मुलांची नावं ठेवायची एक पद्धत इथे होती, पहिला मुलगा वडिलांच्या वडिलांच्या नावाचा, दुसरा आईच्या वडिलांच्या, पहिली मुलगी आईच्या आईची, दुसरी वडिलांच्या आईची. उपयोगी आहे, पण पुरावा म्हणून नको, इशारा म्हणून घ्या. डेव्हिडच्या पहिल्या मुलाचं नाव विल्यम असेल तर बरं वाटतं एवढंच. एकाच घरात दोन विल्यम दिसले तर बहुधा पहिला लहानपणी गेला आणि पुढच्याला तेच नाव दिलं. आणि नावांची टोपणरूपं माहीत असू द्या, जेसी म्हणजे जेनेट, नॅन्सी म्हणजे अ‍ॅग्नेस, एल्सपेथ आणि एलिझाबेथ एकच, पॅट्रिक आणि पीटर एकच, डोनाल्डचा डॅनियल होतो. बायकांचं मात्र इथे सुख आहे, लग्नानंतरही कागदोपत्री आणि दगडावर माहेरचं आडनाव टिकतं.

बाप्तिस्मा कुठेच मिळाला नाही तर कर्क सेशनची मिनिट्स बघा. पॅरिशच्या वडीलधाऱ्यांची ही सभा, गावात कुणाचं कुणाशी काय चाललंय ते सगळं यांना विचारायचं असायचं. लग्नाआधी दिवस गेले तर दोघांना बोलावून चौकशी, बापाचं नाव काढून घेणं, आणि मग भर चर्चमध्ये सगळ्यांसमोर पश्चात्तापाच्या स्टुलावर बसवणं. त्या बिचाऱ्या मुलींसाठी वाईट वाटतं, पण बाप कोण हे कित्येक घराण्यांमध्ये फक्त याच वह्यांमुळे कळलंय. आता या वह्या स्कॅन होऊन साइटवर आल्यात, पानं चाळणं फुकट आहे, फक्त नावाने शोधता येत नाही, एकेक पान वाचावं लागतं.

आता कबरी. अँगसला जाताय हे नशीब, कारण अठराव्या शतकातले इतके सुंदर कोरलेले गावठी दगड स्कॉटलंडात फार थोड्या भागात आहेत. कवटी, आडवी हाडं, वाळूचं घड्याळ, पंखवालं डोकं म्हणजे आत्मा, हे मरणाचे नेहमीचे. तुमच्या कामाचे ते धंद्याचे. विणकराच्या दगडावर धोटा शोधा, कधी नुसता, कधी बिबट्याच्या तोंडात धरलेला, ते विणकरांच्या संघटनेचं चिन्ह. हातोडा आणि वर मुकुट असेल तर लोहार वगैरे धातूकाम करणारे, नांगराचा फाळ म्हणजे शेतकरी, कात्री आणि इस्त्री म्हणजे शिंपी, इंग्रजी चारच्या आकड्यासारखी खूण म्हणजे व्यापारी. डोळ्यांना सवय व्हायला आधी डंडीच्या मध्यवस्तीतल्या हाउफमध्ये एक तास घालवा, 1564 मध्ये राणी मेरीने शहराला दिलेली दफनभूमी, शहरातल्या कारागिरांच्या संघटना पूर्वी तिथेच सभा भरवायच्या, त्यामुळे दगडांवर धंद्याच्या खुणांची नुसती गर्दी आहे.

दगड वाचताना काही गोष्टी. वर लिहिलेलं साल मृत्यूचंच असेल असं नाही, दगड बसवल्याचं पण असतं, खास करून जिथे नुसती नवराबायकोची आद्याक्षरं आणि एक साल आहे तिथे. "वयाच्या 63 व्या वर्षी" म्हणजे पुरी 62. अक्षराची धाटणी कुठे बदलते बघा, वरच्या ओळी एका वेळी कोरलेल्या, खालच्या नंतर, आणि जे एकाच दमात कोरलंय त्यातली जुनी सालं आठवणीतून लिहिलेली, चाळीस वर्षांनी पोराने पैसे आल्यावर दगड बसवला तर बापाच्या तारखेत फरक पडणारच. रजिस्टर आणि दगड यांच्यात भांडण असेल तर मी साधारणपणे जे घटनेच्या जवळ लिहिलं गेलं त्याच्या बाजूने जाते. पण लहानपणी गेलेली मुलं, परदेशात गेलेला भाऊ, हे दगडच सांगतो, 1855 आधी त्यांची दुसरी नोंद बहुतेक नसतेच. दगडाची मागची बाजू बघा. शेजारचे दोन-तीन दगड बघा, नातेवाईक बहुतेक बाजूबाजूला असतात. जुने दगड घासून दुसऱ्यांनी परत वापरलेले पण असतात. आणि विणकर गरीब असेल तर दगड नसेलच हे मनाची तयारी करून जा. हातमाग मशीनने बुडवल्यावर म्हातारपणी यांच्यातले बरेच पॅरिशच्या मदतीवर जगले, तेव्हा 1845 नंतरचे गरिबांच्या मदतीचे रेकॉर्ड शिल्लक असतील तर तिथे दगडापेक्षा जास्त माहिती मिळते.

जायच्या आधी हे करा, डंडीची टे व्हॅली फॅमिली हिस्टरी सोसायटी आणि एडिनबराची स्कॉटिश जिनिऑलॉजी सोसायटी यांच्याकडे कबरींवरच्या मजकुरांच्या जुन्या याद्या आहेत, त्यात नाव आहे का बघून घ्या. काही दगड तेव्हा वाचता येत होते आणि आता वाळूचा दगड पापुद्रे सुटून कोरा झालाय, मग ती यादीच काय ती उरलीय. याद्यांमध्येही वाचनाच्या चुका असतात, दगड उभा असेल तर स्वतः वाचा.

आणि प्लीज, दगडाला तारेचा ब्रश लावू नका, खडू नको, शेव्हिंग फोम नको, ब्लीच तर नकोच, यूट्यूबवर काहीही दाखवतात. शेवाळ ओरबाडलं की त्याच्याबरोबर अक्षरं पण निघतात. हवा असतो तो तिरका उजेड. सकाळी लवकर किंवा संध्याकाळी जा, नाहीतर एक मोठा आरसा न्या आणि नवऱ्याला बाजूला उभं करून त्याने ऊन दगडावर आडवं पाडायचं, जे समोरून दिसत नाही ते सावलीत उठून दिसतं. ढगाळ असेल (असणारच) तर छत्रीची सावली आणि बाजूने टॉर्च. फोटो तीन तरी, पूर्ण दगड, अक्षरं जवळून, आणि आवारात तो कुठे आहे ते कळेल असा. कललेल्या दगडाला टेकू नका, खरंच पडतात. जमिनीत गेलेला दगड स्वतः खणून काढायचा नाही, कौन्सिलला विचारायचं.

दगडावर "कलकत्त्यास निधन" असं काही दिसलं तर आश्चर्य नको. डंडीच्या जूट गिरण्या आणि कलकत्ता यांचं नातं एवढं घट्ट होतं की या भागातले मॅनेजर, मेकॅनिक तिकडे गेले आणि कितीतरी तिथल्या 1820 च्या स्कॉटिश सिमेट्रीत राहिले. मुंबईलाही स्कॉट कमी नव्हते, आपल्या विल्सन कॉलेजचे जॉन विल्सन स्कॉटलंडच्या बॉर्डर्स भागातल्या लॉडर गावचे, 1875 मध्ये मुंबईतच गेले. अशा माणसाची नोंद स्कॉटलंडात न शोधता ब्रिटिश लायब्ररीतल्या इंडिया ऑफिस रेकॉर्ड्समध्ये शोधायची, बंगाल, मद्रास, मुंबई अशा तीन इलाख्यांच्या वेगवेगळ्या चर्च नोंदी आहेत, आणि फाइंडमायपास्ट या वेबसाइटवर त्या दिसतात.

शेवटी विचारलंय की रॉबर्टसन म्हणजे हायलँडचा क्लॅनच (कूळच) ना, दिराच्या लग्नात किल्टला त्यांचं टार्टन, म्हणजे त्या कुळाच्या चौकड्यांचं कापड, घ्यायचं का. रॉबर्टसन म्हणजे कधीतरी कुणा रॉबर्टचा मुलगा, असे रॉबर्ट गावोगाव होते, अँगसच्या विणकराचा पर्थशायरच्या त्या क्लॅनशी संबंध असेलच असं कुठल्याही रजिस्टरवरून सिद्ध करता येणार नाही. पण टार्टन घालायला पुरावा लागत नाही, लाल रंग आवडत असेल तर खुशाल घ्या.